गडग्यापलीकडे

कोकणात जागा घेणाऱ्याला लोक पाण्याचं विचारतात, रस्त्याचं विचारतात, सातबाऱ्यावर किती नावं आहेत ते तर विचारतातच. गडग्याचं कोणी विचारत नाही. खरं म्हणजे घराआधी गडगा बघावा. जांभ्याचे ओबडधोबड दगड, मध्ये ना माती ना सिमेंट, नुसते एकमेकांना धरून उभे राहिलेले. छातीएवढी उंची. दोन पिढ्या भांडण्यासाठी एवढी भिंत पुरते.

गडगा माणसाला अडवतो, तोही सज्जन असेल तर. गुरांना अडवतो, तीही पोट भरलेली असतील तर. बाकी जीवसृष्टीला गडगा म्हणजे सोय वाटते. माकडं त्याच्यावरून चालतात. मुंगूस त्याच्यातून जातं. धामण आत राहते आणि उन्हाला बाहेर येते. रानडुकराला घाई असेल तर ते वळसा घालत नाही, खांदा लावतं आणि दगड पाडून पुढे जातं. सकाळी आपण ते दगड पुन्हा रचायचे, रात्री त्यानं पुन्हा पाडायचे, असा हा रोजगार हमीचा मामला आहे.

मग गडगा घालायचा कशासाठी? गावात राहून माझं एक मत झालं आहे. गडगा घातला की ‘पलीकडे’ तयार होतं, आणि पलीकडे असल्याशिवाय गावात एक दिवस निघत नाही. कारण हाकलायचं म्हटलं की कुठेतरी हाकलावं लागतं.

आमच्या पलीकडे अण्णा राहतात. माझ्यापेक्षा वयानं वडील, शब्दाला पक्के, माडाच्या आळ्यात राख किती घालावी इथपासून मोतीबिंदू कुठे काढावा इथपर्यंत सगळं विचारावं असा माणूस. आमच्यात हद्दीचा वाद नाही, पाटाच्या पाण्याचा नाही, फणसाच्या फांदीचासुद्धा नाही. आमच्यात आहेत ती फक्त माकडं.

माकडं येतात ती उन्हं जरा वर आल्यावर. वारा पडलेला असताना एकाच माडाची झावळ हलली की समजायचं. आधी एक थोराड नर उंच बसून आगराची पाहणी करतो. मग बाया आणि पोरं पपईकडे उतरतात. लाल तोंडाच्या या माकडांना गालात पिशव्या असतात. आधी पिशव्या भरायच्या, खाणं नंतर सावकाश, सुरक्षित जागी बसून, म्हणजे अण्णांच्या कलमावर. शहाळी मात्र जागच्या जागी. कोवळं शहाळं दातांनी फोडायचं, दोन घोट घ्यायचे आणि खाली टाकायचं. पुढच्याची चव बघायला हात मोकळा हवा ना!

एकदा मे महिन्यात अंगणात आमसुलं वाळत घातली होती. माकडाचं एक पोरगं हळूच आलं. एक साल उचललं, जिभेला लावलं, डोळे मिटून अख्खं अंग झाडलं. ते साल त्यानं फेकलं नाही, होतं तिथे ठेवलं. मग शेजारचं उचलून चाटलं. पुन्हा तेच. असं करत त्यानं सुपातली एक अख्खी ओळ तपासली. सगळी आंबट निघाल्यावर आमच्याकडे अशा नजरेनं बघितलं, की ही काय पाहुण्यांसमोर ठेवायची वस्तू आहे का?

माकडं बायकांना भीत नाहीत असं गावात म्हणतात. आमच्याकडे ती हिला भितात, मला नाही. मी दगड उचलला तर ती माझ्या हाताकडे बघत नाहीत, डोळ्यांकडे बघतात. याच्या हातून दगड सुटणार नाही आणि सुटला तर लागणार नाही, हे त्यांनी फार पूर्वी ओळखलं आहे. मग मी तेलाचा रिकामा डबा वाजवतो. डब्याला ती मान देतात. थोडा वेळ जाऊ देतात आणि मग कोणाच्या सांगण्यावरून नव्हे, आपलं इथलं काम आटोपलं म्हणून, गडगा ओलांडतात.

पलीकडे अण्णा सुतळी बॉम्ब घेऊन तयार असतात. धडाड! गेली ती सगळी परत. की मी डबा घेतो.

याबद्दल आम्ही एकमेकांना कधी टोचून बोललेलो नाही. संध्याकाळी गडग्याला टेकून अण्णा एवढंच विचारतात, “आज तुमच्याकडे उशिरापर्यंत होती वाटतं?” याचा अर्थ, तुम्ही ती लवकर माझ्याकडे पाठवलीत. मी म्हणतो, “हो, आज बॉम्ब जरा जास्तच वाजले.” याचा अर्थ, परत कोणी पाठवली तेही ठाऊक आहे. एवढं झालं की विषय पावसावर जातो.

पंचक्रोशीत जेवढे उपाय चालतात ते सगळे आम्ही दोघांनी करून पाहिले आहेत, आणि प्रत्येक उपाय गुणकारी आहे. गुण किती दिवस टिकतो एवढाच प्रश्न. डुकरांसाठी शेताभोवती जुन्या साड्या बांधतात. रात्री वाऱ्यानं साडी फडफडली की डुक्कर बिचकतं. या उपायाची पंचाईत वेगळीच. गावातली प्रत्येक बाई जाता-येता त्या साड्या वाचत जाते. “ही तुमच्या नणंदेनं दिलेली ना हो?” असं पाणंदीतून कोणीतरी विचारलं आणि त्यानंतर आमच्या शेताभोवती फक्त दुकानातून विकत आणलेल्या साड्या लागल्या. दुसरा उपाय केसांचा. सलूनमधून पोतंभर केस आणायचे आणि बांधावर पसरायचे. डुक्कर जमीन हुंगत येतं, केस नाकात जातात, ते वैतागतं. पहिल्या पावसात केस वाहून जातात ते अण्णांच्या वाफ्यात, आणि त्यांच्या अळवात कोणाचे तरी पिकलेले केस सापडतात.

गोफण झाली, बेचकी झाली, झाडाला टांगलेल्या बाटल्या झाल्या. बुजगावण्याला अण्णांचा जुना कोट घातला होता, त्याच्या खिशात मैनेनं घर केलं. कर्नाटकात शिवमोग्ग्याकडच्या एका शेतकऱ्यानं आपल्या कुत्र्याला वाघाचे पट्टे रंगवून माकडांवर सोडल्याची बातमी 2019 साली आली होती. ती वाचून अण्णांनी आमच्या मोत्याकडे बराच वेळ विचारपूर्वक पाहिलं. मोत्या तेव्हा उताणा झोपला होता. अण्णांनी पान उलटलं.

बंदुकीचाही एक काळ होता. शेतीसंरक्षणाचा परवाना असलेली ठासणीची बंदूक कोकणात पुष्कळ घरांत आहे. तिचा उपयोग आता मुख्यतः ती पुसण्यासाठी होतो. शिवाय निवडणूक लागली की या बंदुका पोलीस ठाण्यात जमा करायच्या असतात. आता ग्रामपंचायत, पंचायत समिती, विधानसभा, लोकसभा असं धरलं तर बंदूक माहेरी किती आणि सासरी किती, हे सांगणं कठीण. उमेदवार दारात येऊन शेतीच्या रक्षणाची हमी देत असतात त्याच दिवसांत डुकरं निर्धास्त रताळी उकरतात. आचारसंहिता त्यांना लागू नाही.

हे झालं दिवसाचं आणि शेताचं. रात्री घराचं खातं उघडतं.

माळ्यावर जो चालतो तो कांडेचोर. शहाण्या पुस्तकांत त्याला उदमांजर म्हणतात. अंगानं मांजराहून लांब, शेपटी तेवढीच, आणि चालीत मात्र सोवळं नेसलेल्या माणसाची सावधगिरी. फक्त ती माळ्यावर का आठवत नाही, कळत नाही. तिथे तो पत्र्याच्या ट्रंका सरकवत असतो असं वाटतं. त्याला भेरली माडाची फळं फार आवडतात. सकाळी गडग्यावर, नेहमीच्या ठरलेल्या दगडावर, धुतल्यागत स्वच्छ बियांचा ढीग घातलेला असतो. जंगलात या बिया रुजवण्याचं काम तोच करतो. आणि याच्याच भाईबंदांनी कॉफीची फळं खाऊन बाहेर टाकलेल्या बिया गोळा करून जगातल्या फार महाग कॉफींपैकी एक तयार होते, हे मी अण्णांना सांगितलं. अण्णा ढिगाकडे बघत म्हणाले, “आपल्याकडे भेरली माडाच्या बियांची कॉफी पिणारं कोणी मिळतंय का बघा. मी माझ्या बाजूचा माल देतो.”

आणि चिचुंद्री. दिवे गेले की ती भिंतीच्या कडेनं धावते आणि ‘चिक् चिक्’ करत स्वतःच वर्दी देते. दिसायला उंदराची, पण उंदराशी तिचं काही नातं नाही. ती किडे खाणाऱ्यांच्या घराण्यातली. झुरळं, गोमी, किडे हे तिचं जेवण. धान्याच्या पोत्याला तोंड लावायचं तिला कारण नसतं. पण अंगाच्या दोन्ही कुशींत कस्तुरीच्या ग्रंथी असतात, आणि घाबरली की जो वास सोडते, तो स्वयंपाकघरात दुसऱ्या दिवशीच्या दुपारपर्यंत राहतो. एका रात्री न्हाणीच्या दारात मला त्यांची माळ दिसली. पुढे आई, तिच्या शेपटीच्या मुळाशी दात रोवून पहिलं पिल्लू, त्याच्या मागे तसंच दुसरं, मग तिसरं, चौथं. आई वळली की सगळी ओळ वळे, ती थांबली की सगळी थांबे. मी बॅटरी विझवली आणि ती पलीकडे जाईपर्यंत तसाच उभा राहिलो. पलीकडे म्हणजे अर्थातच अण्णांकडे.

वासावरून आठवलं. आमचा भाचा अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समध्ये शहराबाहेर घर घेऊन राहतो. गावाची ओढ, दुसरं काय. एका वीकेंडला त्याचा फोन आला. आवाज पडलेला. “मामा, आमच्या डेकखाली स्कंक राहायला आलाय.”

स्कंक म्हणजे काळा, पाठीवर पांढरे पट्टे, झुबकेदार शेपटीचा, मांजराएवढा प्राणी. शेपटीखालच्या ग्रंथींतून तो गंधकाच्या संयुगांचा फवारा मारतो, आणि दहा फुटांवरचा नेम सहसा चुकत नाही. पण भाच्यानं पुढे जे सांगितलं त्यानं मला त्या प्राण्याबद्दल आदर वाटायला लागला. स्कंक एकदम फवारत नाही. आधी पुढचे पाय जमिनीवर आपटतो. मग फुसफुसतो. मग शेपटी उभी करतो. मग पाठ वळवून तुमच्याकडे बघतो. इतक्या सूचना देऊनही समोरचा हलला नाही तरच. कारण एकदा साठा संपला की तो भरायला आठवडा-दहा दिवस जातात, उगाच वाया घालवणं परवडत नाही. आमच्या गावच्या सभेत लोक यातली एकही पायरी पाळत नाहीत.

भाच्याच्या कुत्र्यानं मात्र सगळ्या सूचना धुडकावल्या. मग घरात टोमॅटोचा रस आणला. तिकडे सगळ्यांची समजूत आहे की टोमॅटोच्या रसानं तो वास जातो. जात नाही. आपलंच नाक थकतं आणि वर टोमॅटोचा वास राहतो. खरा उतारा पॉल क्रेबाम नावाच्या एका रसायनतज्ज्ञानं शोधला आणि तो 1993 साली छापून आला: हायड्रोजन पेरॉक्साइड, खायचा सोडा आणि थोडासा भांड्यांचा साबण. त्यानं गंधकाची ती संयुगं बदलून बिनवासाची होतात. मिश्रण ताजं वापरायचं, बाटलीत बंद करून ठेवलं तर बाटली फुटते. भाच्यानं कुत्र्याला आंघोळ घातली, नंतर स्वतः केली, आणि मग मला फोन केला.

“पिंजरा लावून पकड,” मी म्हटलं, “आणि लांब नेऊन सोड.”

“नाही ना सोडता येत, मामा! पकडलेलं जनावर आपल्या जागेबाहेर नेऊन सोडायला इथे कायद्यानं बंदी आहे.”

मी गप्प झालो. हाकलायला पलीकडे नाही असा मुलूख जगात असेल, असं मला कधी वाटलं नव्हतं.

“मग करतोस काय?”

तो करत होता ते ऐकण्यासारखं होतं. डेकखालच्या बिळाच्या तोंडाशी त्यानं रांगोळी घातल्यासारखं पीठ पसरलं होतं. रात्री स्कंक बाहेर पडला की पिठात पावलं उमटतात. बाहेर गेलेली पावलं दिसली आणि आत पिल्लं नाहीत याची खात्री झाली, की तोंडाला जाळी लावायची, तीही जमिनीत खाली पुरून बाहेर वळवलेली, म्हणजे खोदून आत यायला नको. मांजराचं खाणं रात्री बाहेर ठेवायचं नाही. कचऱ्याच्या डब्याला घट्ट झाकण. झाडाखाली पडलेली सफरचंदं रोज उचलायची. मी हिला सगळं सांगितलं. ही म्हणाली, “म्हणजे सगळं काम आपल्याच अंगणात? आणि बॉम्ब कुठेच नाही? मग हे तुम्हा दोघांना जमणार नाही.”

तिचं बोलणं मला लागलं, पण मी ते अण्णांना जसंच्या तसं सांगितलं. अण्णा पेपरवाले. त्यांनी लगेच दिल्ली काढली. दिल्लीत माकडांचा फार त्रास, म्हणून 2007 साली उच्च न्यायालयानं ती पकडून असोला भट्टीच्या अभयारण्यात सोडायला सांगितलं. सोडली, हजारोंनी सोडली. तिथे माकडांना खायला फळं पुरवली. तरी माकडं निघाली आणि अभयारण्याच्या कडेच्या वस्त्यांत शिरली. त्याआधी सरकारी कचेऱ्यांनी काळ्या तोंडाचे वानर पगारावर ठेवले होते, लाल माकडांना दहशत बसावी म्हणून. पण वानरालाही 1972 च्या वन्यजीव कायद्याचं संरक्षण. त्याला दोरीला बांधून नोकरीला लावता येत नाही, म्हणून तेही बंद झालं. शेवटी 2014 साली मंत्र्यांनी राज्यसभेत सांगितलं की वानरांच्या जागी 40 तरुण नेमले आहेत, ते वानराचं सोंग घेऊन माकडांना पळवतात. आणि 2023 मध्ये जी-ट्वेंटीचे पाहुणे आले तेव्हा रस्त्याकडेला वानरांचे नुसते कटआउट उभे केले.

“देश कुठे गेला बघा,” अण्णा म्हणाले. “आधी वानर, मग वानराचं काम करणारा माणूस, मग वानराचं चित्र. माकडं आहेत तिथेच.”

माकडांच्या बाबतीत हे हसण्यावारी जातं. बिबट्याचं तसं नाही. आपल्या जुन्नरला 2001 पासून बिबटे पकडून दुसरीकडच्या जंगलात सोडायला सुरुवात झाली. त्याआधीच्या आठ वर्षांत माणसांवर वर्षाला सरासरी 4 हल्ले होत. हलवाहलव सुरू झाल्यावर ते 17 वर गेले. विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे सगळं तपासून लिहिलं आहे. ओळखीचं रान सुटलेलं, परक्या मुलखात टाकलेलं, बिथरलेलं जनावर पलीकडे जाऊन गुण्यागोविंदानं राहील, अशी आपली समजूत. टाकळी ढोकेश्वरला 2009 साली विहिरीत पडलेला एक म्हातारा बिबट्या काढून, गळ्यात पट्टा बांधून माळशेज घाटात सोडला. तो निघाला आणि सव्वाशेएक किलोमीटर चालत मुंबईच्या राष्ट्रीय उद्यानाच्या अंगाला जाऊन पोचला. वाटेत कोणाला नखही लावलं नाही. त्याला ‘आजोबा’ हे नाव पडलं, 2014 साली त्याच नावाचा सिनेमाही निघाला. आजोबा मात्र त्याआधीच, 2011 मध्ये, हमरस्त्यावर गाडीखाली गेले. पलीकडे कुठे जायचं ते आपण ठरवलं होतं. त्यांचं स्वतःचं काही ठरलेलं असेल हे कोणी धरलंच नव्हतं.

पण एवढं कळूनही हात डब्याकडे जातो. कारण ही सवय माझी-अण्णांची नाही, फार जुनी आहे. शिमग्याला देवळासमोर गाऱ्हाणं घालतात. पोरंबाळं, गुरंढोरं, शेतीवाडी सांभाळ, आणि जी काही इडापिडा असेल ती गावाच्या शिवेपलीकडे घाल, म्हाराजा! आम्ही सगळे एका आवाजात “व्हय म्हाराजा” म्हणतो. शिवेपलीकडे पुढचं गाव आहे. त्यांचाही त्याच दिवसांत शिमगा असतो, त्यांचंही हेच गाऱ्हाणं असतं आणि त्यांचा आवाज आमच्यापेक्षा मोठा आहे. तिकडे नागपुरात पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबत निघते. रोगराई, खोकला, महागाई, सगळं तिच्याबरोबर गावाबाहेर जातं आणि तिथे जळतं. जाळण्याची ती युक्ती मला फार पटते. निदान पुढच्या गावाला ताप नाही.

देवाचंही नवल वाटतं. दर शिमग्याला दोन गावांच्या दोन पिडा, एकमेकांच्या दिशेनं ढकलायच्या. कुठल्याही देवानं अजून वैतागून ‘आपापली आपल्याकडेच ठेवा’ असं म्हटलेलं नाही. तेवढ्यासाठी मॅसॅच्युसेट्सला जावं लागलं.

हे असं किती वर्षं चाललं असतं कोण जाणे. पण अण्णांच्या डोळ्यांचं निघालं. मोतीबिंदू काढायला मुलाकडे डोंबिवलीला गेले. वहिनीही गेल्या. आधी एक डोळा, मग दुसरा, मग नातवाची परीक्षा, मग “आता पावसाळ्यात कशाला येता?” घराला कुलूप लागलं ते लागलंच.

पहिले काही दिवस मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. बॉम्ब नाही, म्हणजे माकडं परत येणार नाहीत. मी डबा वाजवला. माकडं शिस्तीत गडगा ओलांडून गेली आणि खरंच परत आली नाहीत. त्यांना परत यायची गरजच नव्हती. ती अण्णांच्या पडवीत राहायला गेली. आता ती लांबून, रानातून येत नव्हती. सकाळी उठून शेजारून येत होती, आणि संध्याकाळी शेजारीच जात होती.

मग एकेक बिऱ्हाड वाढत गेलं. अण्णांच्या परसात कंबरभर गवत झालं, त्यात डुकरांनी दिवसाची वस्ती केली. माळ्यावरची चार कौलं माकडांनी फोडली, तिथून कांडेचोर सपत्नीक उतरला. न्हाणीमागे साळिंदराचे काटे पडलेले मी बघितले. विहिरीच्या रहाटावर वटवाघळं. रात्री तिकडून ट्रंका सरकवल्याचे आवाज येत. आमच्या घरात तेवढी शांतता. जे आजवर मी पलीकडे पाठवलं होतं ते सगळं तिथे एका छपराखाली जमून सुखानं नांदत होतं आणि भूक लागली की अलीकडे येत होतं.

तेव्हा मला माझ्या डब्याचं आणि अण्णांच्या बॉम्बचं खरं काम समजलं. माकडं आमच्यापैकी कोणालाच भीत नव्हती. त्यांना कंटाळा यायचा. इकडून हाकल, तिकडून हाकल, असं दोन-चार फेऱ्या झाल्या की ती वैतागून डोंगराकडे निघून जायची. हाकलायला दोन्ही अंगांना माणूस लागतो. एकट्यानं नुसता डबा वाजतो.

आणि हे आमच्या एका गडग्याचं नाही. पाखाडीनं वर चढत गेलं तर दर तिसऱ्या घराला कुलूप. भातखाचरं पडीक, त्यांत घाणेरी आणि रान, आणि ते रान आता पार पडवीच्या पायरीला टेकलं आहे. शहरातले लोक विचारतात, जनावरं एकाएकी एवढी कशी वाढली? जनावरांचं मोजायला माझ्याकडे साधन नाही. पण संध्याकाळी “हाड, हाड” असं ओरडणारे आवाज किती कमी झाले ते मला कानांनी कळतं. पूर्वी एका वाडीत ओरड झाली की दुसरी वाडी ती उचलायची आणि माकडं कुठवर पोचली ते घरात बसून समजायचं.

अण्णा नव्हते त्या दिवसांत हिनं भाच्याचा कित्ता गिरवला. पडलेले फणस उचलायचे, खरकटं परसात टाकायचं नाही, कोंबड्यांच्या खुराड्याला खालपर्यंत जाळी, पाडाची केळी घरात. फरक पडला. कांडेचोर आमच्याकडे फिरकेनासा झाला. हिच्या उपायाला आवाज नाही, धूर नाही, आणि गडग्याला टेकून सांगण्यासारखं त्यात काही नाही. म्हणूनच तो पुरुषांना सुचत नसावा. पण माकडांना तोही पुरा पडला नाही. माडावरचं शहाळं रोज संध्याकाळी घरात कसं आणणार?

गणपतीच्या आधी अण्णा आले. दोन्ही डोळ्यांनी लख्ख दिसत होतं, त्यामुळे घराची दशा जरा जास्तच स्पष्ट दिसली. वहिनी कुलूप काढत होत्या, तेवढ्यात अण्णांनी पिशवीतून डोंबिवलीहून आणलेला फटाक्यांचा पुडा काढला. चहासुद्धा घेतला नाही. धडाड! पडवीतून, माळ्यावरून, न्हाणीच्या पत्र्यावरून जे जे होतं ते सगळं उठलं आणि गडगा ओलांडून आमच्या आगरात आलं. माडावर पंधरा, पपईवर सहा, एक तर तुळशीवृंदावनाच्या कठड्यावर.

ही ओट्यावर येऊन म्हणाली, “आले बाई एकदाचे!” हे माकडांबद्दल नव्हतं.

मी डबा घेतला आणि मन लावून वाजवला. गेली ती सगळी परत. गडग्यावरून अण्णांचं डोकं वर आलं.

“अहो, तुमची माकडं आवरा जरा! अजून सामान आत न्यायचंय.”

“माझी कशी?” मी म्हटलं. “इतके दिवस पत्ता तुमच्या घराचा होता. भाडं मागून घ्या त्यांच्याकडून.”

“मागितलं तर नारळ देतील,” अण्णा म्हणाले, “आणि तेही माझेच!”